दिवे लागल्यावरचं गोड

“तमाम नागरिकांना, विशेषतः या घरातल्या चार नागरिकांना, जड अंतःकरणाने कळवण्यात येते की आजपासून या घरावरील मिठाचे राज्य संपुष्टात आलेले आहे! लोणच्याची बरणी नजरकैदेत ठेवण्यात आली असून पापडांना शेजारच्या घरी तडीपार करण्यात आले आहे. कोणीही घाबरून जाऊ नये. लिंबे मुबलक आहेत!”

ही घोषणा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, लाटण्याचा माईक करून, पूर्ण घशानं केली. घोषणा करणं हा माझा धंदाच आहे. रिक्षावर भोंगा लावून सिडकोपासून गारखेड्यापर्यंत जे फिरतं, साड्यांचा सेल, कोचिंग क्लास, नवीन उघडलेलं चपलांचं दुकान, त्यातला बराचसा आवाज माझा असतो. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून मी तो घरीच रेकॉर्ड करतो. दिवसभर घरात असल्यामुळं स्वयंपाकही माझ्याकडंच आहे. बायको शेंद्र्याच्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टला जाते आणि परतते तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असतात.

घोषणेचे श्रोते दोनच होते. माझे सासरे आणि सासूबाई. त्यांना मी मामा आणि मामी म्हणतो. मामींनी पदर डोक्यावर सारखा केला, जणू कुणीतरी गेल्याची बातमी आली आहे. मामांनी शांतपणे विचारलं, “लेखी आदेश आहे का?”

मामा पैठणला धरणाच्या ऑफिसात कारकून होते. नोकरी संपून कैक वर्षं झाली, पण अजूनही त्यांना सही-शिक्का दिसल्याशिवाय कुठल्याच गोष्टीवर विश्वास बसत नाही. गेल्या वर्षी, “जावयाच्या घरी राह्यचं म्हणजे लोक काय म्हणतील” असं महिनोन्महिने म्हणत, शेवटी दोघं आमच्याकडं राहायला आले. ज्या सासऱ्यांनी लग्नात माझे पाय धुतले, त्यांच्याच ताटातलं मीठ काढून घ्यायची वेळ माझ्यावर आली होती. याला म्हणतात नाट्य.

पण यामागं एक खरं दुखणं होतं. ते सांगायला हवं.

आमच्या कॉलनीच्या बागेत, कडुलिंबाच्या झाडाखाली, दुपारी चार म्हाताऱ्यांचा रमीचा अड्डा बसतो. पैशांवर नाही, चहावर. मामा इथं आल्यावर आठवड्याभरात त्या अड्ड्याचे राजे झाले. गाव सुटलेल्या माणसाला नव्या गावात एवढी जागा पुरते. मग हळूहळू त्यांच्या डोळ्यांपुढं धुरकट पडदा यायला लागला. एके दिवशी त्यांनी मोठ्या थाटात पत्ते मांडले, “सत्ती, अठ्ठी, नव्वी, सगळं बदाम! शो!” समोर बसलेले चाचा, ज्यांचं पूर्वी घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, पत्त्यांवर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “साहब, बुरा नक्को मानो. बीच का बदाम नहीं, चौकट है.”

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. तिसऱ्यांदा पत्ते वाटताना मामांच्या पुढ्यात पत्ते आलेच नाहीत. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “तुम्ही आज आराम करा. तेवढा चहा सांगा ना टपरीवर.” मामा उठले आणि चहा सांगून आले. पुढच्या दिवशीही. मग ते रोज चहाच सांगायला लागले. आमच्याकडं त्यांनी एवढंच म्हटलं, “आता मी व्यवस्थापनात आहे.” ते वाक्य बोलताना त्यांचा चेहरा भिंतीकडं होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन सोपं आहे म्हणाले, पण आधी बीपी खाली आणा, एवढ्या बीपीवर मी हात लावणार नाही. म्हणून आम्ही तिघं कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांचा दवाखाना संध्याकाळी उघडतो. आमचा नंबर लागेपर्यंत बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

बाईंनी मामांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कपाळाला आठी घातली. “आजोबा, गोळ्या घेताय, पण मीठ लई होतंय. लोणचं, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे बंद. ताटात वरून मीठ अजिबात नाही. स्वयंपाकातलंही हळूहळू कमी करा, जिभेला सवय होते.”

मी विचारलं, “सैंधव?”

“तेही मीठच. आणि बाजारात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, तेही मला विचारल्याशिवाय आणू नका, यांच्या गोळ्यांबरोबर प्रत्येकाला चालत नाही.”

मामींनी खिडकीबाहेर पाहिलं, मग खुर्चीच्या कडेवर सरकून, आवाज खाली आणून विचारलं, “बाई, रातच्या जेवणात जरा गोड घेतलं तर चालंल का? चिमूटभर?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “चिमूटभर कशाला, चमचाभर घेऊ द्या की. शुगर कुठाय त्यांना! गोड बिनधास्त.”

मामींचा चेहरा उजळला. मला कौतुक वाटलं, की बघा, नवऱ्याच्या तोंडची चव गेली तर निदान गोडाची तरी सोय करते आहे बिचारी. मामा त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं इतक्या एकाग्रतेनं बघत होते की मला वाटलं, पडदा वगैरे सगळं थोतांड आहे, यांना अगदी चतुर्थीसुद्धा दिसते आहे.

तर घोषणा झाली आणि राज्य सुरू झालं.

पहिल्या दिवशीची डाळ मी अतिउत्साहात पूर्ण अळणी केली. मामांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, “जावईबापू, यात काही तरी आहे, पण ते काय आहे हे कुणी सांगू शकत नाही.” मी शहाणा झालो. मीठ अर्ध्यावर आणलं आणि बाकीच्या अर्ध्याची जागा भरायला फौज उभी केली. लसूण ठेचून तेलात लाल करायचा. टोमॅटो भाजून घालायचे. चिंचेचा कोळ, भाजलेले तीळ, जवसाची चटणी, ओवा, कोथिंबिरीचे देठ. भाकरीच्या पिठातलं मीठ काढलं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक ताटाला लिंबाची फोड सक्तीची. बाजारातला लिंबूवाला मला दुरून बघून पिशवी उघडायला लागला.

आणि रोज दिवे लागले, पानं वाढली, मी तव्यावर भाकरी टाकत असलो की बाहेरून मामांचा आवाज यायचा, “जरा गोड वाढ गं.”

मामींच्या शेजारी स्टीलची एक छोटीशी डबी असायची. त्यातलं पांढरं काहीतरी त्या चिमटीनं ताटाच्या कडेला वाढत. पिठीसाखर असणार, मी समजलो. पिठल्याबरोबर पिठीसाखर? वांग्याबरोबर? मी मूळचा नाशिककडचा. म्हटलं, मराठवाड्याची तऱ्हा असेल एखादी, आपण कोण बोलणार? शिवाय मामा ते अशा तृप्तीनं खायचे की मीही एकदा वरणभातावर साखर घालून बघितली. पुन्हा नाही घातली. एकदा हौसेनं त्यांच्यासाठी खव्याची इमरती आणली, तर अर्धी खाऊन म्हणाले, “छान आहे. पण आपलं घरचं गोड बरं.”

रविवारी बायको घरी असायची तेव्हा मात्र मामा गोड मागायचे नाहीत. मामींनी डबीकडं हात नेला तर म्हणायचे, “आज नको.” मला वाटायचं, लेक शेजारी बसली की माणसाला वेगळं गोड कशाला लागतंय! यावर मी जवळजवळ भाषण केलं होतं बायकोपुढं.

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं गेलो. पट्टा फुगला, आठी पडली. बीपी होतं तिथंच, पाय रोवून उभं.

“मीठ कमी केलं ना?”

“कमी? बाई, मी लिंबावर घर चालवतोय!”

“वरून?”

मामी ठामपणे म्हणाल्या, “दिवसा कणभर नाय.”

‘दिवसा’ हा शब्द हवेत तरंगत होता. बाईंनी धरला नाही, मीही धरला नाही. बाई म्हणाल्या, गोळी बदलून बघू, पण मला अजून वाटतं कुठून तरी मीठ येतंय, ताट नीट बघा. आणि डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढं गेली.

त्या दुपारी मी बागेवरून चाललो होतो. मामा झाडाखाली उभे होते, हातात चहाच्या कपांचा ट्रे. चाचा पत्ते पिसत होते. मामांची मान त्या पत्त्यांच्या आवाजाबरोबर किंचित हलत होती, गाणं ऐकणाऱ्या माणसाची हलते तशी. मग पोस्टमास्तर म्हणाले, “अहो, चहा गार होतोय,” आणि मामा भानावर आले. मी तिथं थांबलो नाही. घरी येऊन मात्र पोलिसासारखा कामाला लागलो. मामांचे खिसे, उशीखालची जागा, औषधांची पिशवी, देवघरामागचा कोनाडा, सगळं तपासलं. एक जुनी गोळी आणि दोन खडीसाखरेचे खडे सापडले. खारे शेंगदाणे नाहीत, फरसाण नाही. टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “काका फक्त चहा घेतेत. अन् कप मोजतेत.”

गुन्हा होता, गुन्हेगार दिसत नव्हता. आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूही नव्हता!

मग एके संध्याकाळी कारखान्यातली कुठलीशी मशीन बंद पडली आणि बायकोच्या शिफ्टला लवकर सोडलं. मी तव्यापाशी होतो. मामा-मामी जेवायला बसले होते. बायको दारात चपला काढत होती, ते मामांना दिसलं नाही, दिसणार तरी कसं.

“जरा गोड वाढ गं,” मामा म्हणाले.

मामींनी डबी उघडली. बायकोच्या हातातली पर्स खाली पडली.

“आई! बाबांना मीठ वाढतेस?”

मी उलथनं घेऊन धावत बाहेर आलो. “अगं, मीठ कुठलं, गोड आहे ते! पिठीसाखर!”

“अहो, हे आईच्या माहेरचं गोड आहे! दिवे लागल्यावर ती मिठाला मीठ म्हणत नाही, गोड म्हणते. नाव घेतलं की घरातली बरकत जाते म्हणे. लहानपणी एकदा रात्री मी ‘मीठ दे’ म्हणाले, तर पाठीत असा धपाटा बसला होता!”

मी बोट डबीत घातलं आणि जिभेला लावलं. ती चव काय होती हे वेगळं सांगत नाही.

आता तुम्ही विचाराल, वर्षभर एका घरात राहून मला हे कसं कळलं नाही? साधं आहे. आपल्याकडं पान वाढताना मीठ आधीच वाढलेलं असतं. मागावं लागत नाही, म्हणून नाव घ्यावं लागत नाही. मी ते पानातून काढलं आणि त्या दिवसापासून ते मागावं लागायला लागलं. त्याचं रात्रीचं नाव मीच या घरात आणलं होतं.

मामी गोंधळून आमच्याकडं बघत होत्या. “मी इचारलं व्हतं की! डागदरीणबाईला, तुमच्यासमूर! रातच्याला गोड चालंल का म्हून. ती म्हनली चमचाभर घ्या, बिनधास्त घ्या. मी तर चिमटीच्या वर देत नाय!”

“आई, तिला वाटलं साखर!”

“साखर? साखर कशाला इचारीन मी? शुगर नाय त्यांना!”

मग सगळ्यांनी एकदम मामांकडं पाहिलं. मामा भाकरीचा तुकडा अतिशय बारकाईनं मोडत होते.

“बाबा, तुम्हाला कळलं होतं ना तिथंच? दवाखान्यात?”

“मी एक अक्षर बोललो नाही.”

“तेच तर!”

मामांमधला कारकून उठून उभा राहिला. “हे बघा, सक्षम अधिकाऱ्यानं तोंडी परवानगी दिलेली आहे. साक्षीदार हजर आहेत. मिठाला मनाई होती, मिठाचा मी ताटाला स्पर्श होऊ दिला नाही. गोडाची मोकळीक होती.”

“बाबा, सरकारनं आपल्या या गावाचं नाव बदललं म्हणून गाव जागचं हललं का? तुमची बस अजून त्याच स्टँडवर लागते ना? मग मिठाचं नाव बदलून ते पोटात गेल्यावर साखर होईल का?”

यावर मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातात उलथनं होतं. मामाही हसणार होते, ओठ हलले होते त्यांचे. पण मामींनी डबीचं झाकण लावलं. त्या हसत नव्हत्या.

“तुम्हाला ठावं व्हतं?”

मामा म्हणाले, “चिमटीनं काय होतंय, असं वाटलं.”

“रोज माझ्या हातानं वाढून घेतलं तुम्ही. तुमची तारीख पुढं गेली तवा मी देवाला बोल लावला. माझ्या हातानं!”

मामांच्या युक्तिवादाची सगळी कागदपत्रं एकाएकी संपली. “चुकलं,” ते म्हणाले. मामींनी हात धुतला आणि अर्ध्या जेवणावरून उठल्या. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, असं बायको नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामींनी देवापुढं दिवा लावला, पानं घेतली. मामा बसले. पिठलं होतं, भाकरी होती, लिंबाची फोड होती. मामा काही मागणार नव्हते, हे शपथेवर सांगतो. पण सवयीनं त्यांचा हात ताटाच्या त्या कडेला गेला, जिथं चिमटी पडायची.

“मीठ नाय,” मामी म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जागच्या जागी थांबलो. बाहेर दिवे लागलेले होते. मामांनी मान वर केली.

“मीठ,” मामी पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं, माझ्या भोंग्याला लाजवेल अशा आवाजात. “मीठ मिळनार नाय. मीठ, मीठ, मीठ! जायची तर जाऊ द्या बरकत. मानूस राहू द्या.”

बोलून झाल्यावर त्यांनी छताकडं एकदा पाहून घेतलं. पंखा फिरत होता. बाकी काही झालं नाही. मामांनी लिंबू पिळलं आणि निमूट जेवले. कारकुनी भाषेत सांगायचं तर, प्रकरण निकाली निघालं.

त्यानंतर लढाई फार सोपी झाली, कारण माझ्या बाजूला सेनापती बदलला होता. मामी स्वतः चव बघायच्या आणि म्हणायच्या, अजून निम्मं करा. त्यांनी आमच्यासुद्धा ताटातलं वरचं मीठ काढलं, “तुमीबी काय लहान ऱ्हायला नाय आता,” असं मला माझ्याच घरात ऐकवून. सुरुवातीला मामांना सगळं कागदासारखं लागायचं. मग एक दिवस ते म्हणाले, आज गवारीला गवारीची चव आली. पुढं एका लग्नात वऱ्हाडाबरोबर जेवताना रश्शाचा पहिलाच घोट घेऊन त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “जावईबापू, यांच्या आचाऱ्याला डुलकी लागली होती काय हो? अख्खी पिशवी उपडी झालीय यात.” मी चाखलं. रस्सा साधा, नेहमीसारखा होता. मी त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली, पंगत चालू होती म्हणून.

नवी गोळी आणि मामींचा बंदोबस्त, दोघांनी मिळून बीपी खाली आणलं. डॉक्टरीणबाईंनी मशीनकडं दोनदा पाहिलं आणि पहिल्यांदाच आठी घातली नाही. डोळ्यांचे डॉक्टर तयार झाले. एका सकाळी ऑपरेशन झालं. मग थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मामांनी सगळं पाळलं. बागेत जायची परवानगी मिळाली त्या दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

मी सोबत गेलो. तिघं बसलेले होते. मामा जाऊन त्यांच्याजवळ उभे राहिले, चहा सांगायला नाही, नुसते उभे. पोस्टमास्तरांनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी सतरंजीवर सरकून जागा केली, “आओ साहब, बैठो,” आणि पत्ते वाटायला घेतले. एक पत्ता मामांपुढं पडला. मग दुसरा. मग तिसरा.

मामांनी सगळे पत्ते उचलले, पंख्यासारखे पसरले आणि चेहऱ्यासमोर धरले. मी त्यांच्या मागं उभा होतो. ते एकेक पत्ता अंगठ्यानं सरकवत होते, लाल इकडं, काळा तिकडं. पोस्टमास्तरांनी घसा साफ केला आणि विचारलं, “दिसतंय ना नीट?”

मामांचा अंगठा थांबला. मान पुढं झाली. आणि मग, बागेतले सगळे, टपरीवाल्यासकट, वळून बघतील इतक्या मोठ्या आवाजात ते ओरडले,

“आयला, चारी राण्या माझ्याकडंच!”